शिकाऊ उमेदवारी: कॉन्ट्रॅक्ट, तपासणी, सर्टिफिकेट हे सगळं बघतं कोण? (जळगाव-धुळे-नंदुरबारकरांनी जरूर लिहा)

तापीकाठ (यावल)
राम राम मंडळी. जरा लांबलचक झालंय पण वाचा, आपल्याकडे घरोघरी आयटीआयची पोरं आहेत म्हणून लिहितोय. माझा भाचा फिटर ट्रेडने पास झाला, मार्क चांगले, भुसावळ रेल्वेच्या मेरिट लिस्टला थोडक्यात हुकला. मग जळगाव एमआयडीसीत एका कारखान्यात अप्रेंटिस म्हणून लागला. म्हणजे आम्ही घरचे तरी अप्रेंटिसच समजत होतो. वर्षभर सकाळची एसटी पकडून जायचा, महिन्याला पाकिटात रोख पैसे मिळायचे. काम काय तर पॅकिंग, गाडी भरणं, मशीनखालचा कचरा गोळा करणं. मेंटेनन्सच्या माणसाच्या हाताखाली एक दिवस लावला नाही, पाना हातात घेतला तर सुपरवायझर म्हणे तुझं काम नाही ते. वर्ष संपल्यावर यानं विचारलं की साहेब परीक्षेचा फॉर्म कधी भरायचा, तर ऑफिसातून सांगितलं परीक्षा-बिरीक्षा काही नसते, आम्ही लेटर देतो. लेटर दिलं त्यावर लिहिलंय "ट्रेनी हेल्पर".
आता मला सांगा, यावर सरकारचं कोणी लक्ष ठेवतं की नाही? तक्रार कुठे करायची? आणि पोराचं वर्ष गेलं ते गेलंच का?

वाघूर९
सेम टू सेम भो. आमच्या गल्लीतल्या दोघांचं हेच झालं, फक्त कंपनी वेगळी. एक तर कंटाळून पुण्याला चाकणला निघून गेला.

निदेशक_नाना (जळगाव)
तापीकाठ भाऊ, मी आयटीआयला निदेशक होतो, नंतर काही काळ बीटीआरआयचं (शिकाऊ उमेदवारी बघणारं जिल्ह्याचं सरकारी केंद्र) काम पाहिलं, त्यामुळे थोडं सविस्तर सांगतो.
अप्रेंटिस ठेवणं ही कंपनीची मेहेरबानी नाही. १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आहे आणि त्याचा कणा म्हणजे कॉन्ट्रॅक्ट. मालक आणि उमेदवार यांच्यात करार होतो, पोरगं अज्ञान असेल तर पालकाची सही लागते, आणि तो करार ७ दिवसांच्या आत सरकारी पोर्टलवर टाकायचा असतो, मग शिकाऊ उमेदवारी सल्लागार म्हणजे या कायद्याखालचा सरकारी अधिकारी तो तपासून ३० दिवसांत नोंदवतो. ही नोंद झाली तरच पोरगं कायद्याच्या भाषेत अप्रेंटिस. तुमच्या भाच्याला रोख पाकीट मिळत होतं आणि ओटीपी विचारून करार मान्य करून घेतल्याचं काही तुम्ही लिहिलं नाही, तर मला ९९ टक्के वाटतं की नोंदच केलेली नाही. पोर्टलवर त्याच्या आधार-मोबाईलनं लॉगिन करून पहिलं ते बघा.
आता बघतं कोण. दिल्लीत डीजीटी म्हणजे प्रशिक्षण महासंचालनालय, हे पूर्वी कामगार मंत्रालयात होतं आता कौशल्य विकास मंत्रालयाखाली आहे. राज्यात मुंबईचं व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालय, त्याचं नाशिकला विभागीय कार्यालय, आपला सगळा खान्देश नाशिक विभागात येतो. आणि जिल्ह्याला बीटीआरआय, ज्याचा पत्ता बऱ्याच जणांना माहीत नसतो कारण ते बहुतेक ठिकाणी आयटीआयच्याच आवारात असतं आणि लोक त्याला आयटीआयच समजतात. खाजगी कारखाना असेल तर हीच साखळी. रेल्वे, ऑर्डनन्स, केंद्राच्या कंपन्या आणि चार किंवा जास्त राज्यांत कारभार असलेल्या कंपन्या केंद्राच्या ताब्यात येतात, त्यांच्यासाठी मुंबईला केंद्राचं प्रादेशिक संचालनालय आहे. म्हणून अर्ज करायच्या आधी कंपनी कुणाच्या हद्दीत येते ते विचारा नाहीतर महिनाभर हा टेबल तो टेबल चालतं.

एमआयडीसी_एचआर
मी जळगाव एमआयडीसीतच एका मध्यम कारखान्यात एचआर बघतो. दुसरी बाजू पण सांगतो, कोणाला वाचवायचं म्हणून नाही.
ज्या आस्थापनेत ३० किंवा जास्त माणसं आहेत तिला अप्रेंटिस घेणं सक्तीचं आहे, एकूण माणसांच्या अडीच ते पंधरा टक्के, आणि या मोजणीत ठेकेदाराची माणसंही धरायची. ४ ते २९ माणसं असतील तर ऐच्छिक. आपल्याकडच्या डाळ मिल, चटईचे कारखाने, छोटे पाईपवाले यातले कितीतरी ३० च्या खालीच दाखवलेले असतात. त्यांच्यावर सक्तीच नाही.
नोंदणीकृत अप्रेंटिसला पीएफ आणि ईएसआयसी लागत नाही, त्यामुळे मालकाला तो स्वस्त पडतो, पण त्याच्या बदल्यात शिकवायची जबाबदारी येते, रेकॉर्ड ठेवावं लागतं, स्टायपेंड बँकेतून द्यावा लागतो. काही मालकांना स्वस्त हात पाहिजेत, जबाबदारी नको. मग ते "ट्रेनी" नावाचं काहीतरी चालवतात जे कोणत्याच कायद्यात बसत नाही. मध्ये काही वर्षं "नीम ट्रेनी" म्हणून प्रकार जोरात होता, ठेकेदारामार्फत पोरं घ्यायचे, ती योजना एआयसीटीईनं (केंद्राची तंत्रशिक्षण परिषद) शेवटी मोडीत काढली पण सवय काही गेली नाही.
आणि खरं सांगू का, छोट्या कारखानदाराला पोर्टल हाताळायला माणूस नसतो. ट्रेड निवडा, अभ्यासक्रम जोडा, बँक जोडा, महिन्याचा स्टायपेंड भरल्याची एंट्री करा, एखादी राहिली की सरकारचा हिस्सा अडकतो. कोणी बसून शिकवलं तर निम्मे मालक सरळ मार्गानं येतील असं माझं प्रामाणिक मत आहे.

जुना_फिटर (भुसावळ)
एचआर साहेब पोर्टल अवघड आहे हे मान्य, पण फिटरच्या पोराला गाडी भरायला लावायला कोणतं पोर्टल सांगतं?
मी स्वतः रेल्वेचा ॲक्ट अप्रेंटिस, म्हणजे या कायद्याखालचा शिकाऊ, भुसावळला शिकलो. आमच्याकडून पहिले कितीतरी आठवडे फक्त कानस चालवून घेतली. माइल्ड स्टीलचा तुकडा वाईसमध्ये बांधायचा, आधी बास्टर्ड म्हणजे खरबरीत कानस मग स्मूथ, आणि ट्राय स्क्वेअर लावून उजेडाकडे धरायचं. पट्टीखालून उजेडाची रेघ दिसली की जॉब परत. नंतर मेल-फिमेल फिटिंग, एक चौकोन दुसऱ्यात असा बसला पाहिजे की चारही बाजूंनी फिरवून घातला तरी तसाच बसेल. चार्जमन मार्किंग ब्लू लावून दाखवायचे कुठे टेकतंय कुठे नाही. तेव्हा कंटाळा यायचा, रडू यायचं हाताला फोड येऊन, पण पुढे पूर्ण नोकरीत बेअरिंग बसवताना तोच हात कामाला आला.
हे शिकवलं का नाही हे तपासणं म्हणजे सरकारची देखरेख. नुसतं पोर्टलवर हिरवी टिक आली म्हणजे देखरेख झाली असं मी तरी मानत नाही. कायद्यात सल्लागाराला कारखान्यात जाऊन बघायचा, रजिस्टर तपासायचा, पोरांशी बोलायचा अधिकार आहे. तो वापरला गेला पाहिजे. शॉपवर उभं राहून एका पोराला विचारलं की बाळा हा मायक्रोमीटर वाचून दाखव, तरी दहा मिनिटांत कळतं वर्ष कसं गेलं ते.

निदेशक_नाना (जळगाव)
जुना फिटर, शंभर टक्के. अधिकार कलम २९ मध्ये आहेत. अडचण अशी की जिल्ह्यात कारखाने किती आणि तपासणारी माणसं किती. आमच्या वेळी एकाच माणसाकडे दोन-तीन चार्ज असायचे, त्यात परीक्षेचे दिवस आले की फिरती बंदच. म्हणून तक्रार आली तरच जायचं असं होऊन बसलं. आणि तक्रार कोण करणार, तर अठरा-एकोणीस वर्षांचं पोरगं, ज्याला तिथंच पुढे चिकटायची आशा असते.
पण तापीकाठ भाऊंसाठी कामाची गोष्ट सांगतो. कायद्याच्या कलम ३० मध्ये स्पष्ट आहे की शिकाऊला त्याच्या ट्रेनिंगशी संबंध नसलेलं काम लावलं, परवानगीशिवाय ओव्हरटाइम करवला, किंवा नगावर पैसे दिले, तर दर प्रसंगाला १००० रुपये दंड. आणि सक्ती असून अप्रेंटिस घेतलेच नाहीत तर जेवढे कमी तेवढ्यांचे दरमहा ५०० रुपये पहिले तीन महिने, नंतर दरमहा १०००. २०१४ च्या दुरुस्तीत कैदेची शिक्षा काढून टाकली, फक्त दंड राहिला.

वाघूर९
१००० रुपये?? नाना मग मालक घाबरेल कशाला, एका दिवसाचं गाडीभाडं पण त्याहून जास्त होतं.

एमआयडीसी_एचआर
दंड कमी आहे हे खरं आहे. पण रेकॉर्डवर येणं कोणालाच नको असतं, सरकारी अधिकारी गेटवर येऊन रजिस्टर मागतो तेव्हा बाकीच्या गोष्टी पण उघड्या पडतात, पीएफ, किमान वेतन, ठेकेदाराचं लायसन. म्हणून लेखी तक्रारीला वजन आहे. तोंडी बोलून काही होत नाही.

साक्रीकर
भाऊ तुन्हं बठ्ठं खरं शे, पन आते काय करानं ते सांगा. माझ्याच चुलतभावाचं विचारतो, मराठीत लिहितो नाहीतर कोणाला समजणार नाही 🙂 तो म्हणे मला दर महिन्याला सहा की आठ हजार सरकारकडून खात्यात आले, म्हणजे मी अप्रेंटिसच होतो. ग्रामपंचायतीत बसवलं होतं त्याला. तर त्याला पण ते अप्रेंटिसचं नॅशनल सर्टिफिकेट मिळेल का?

निदेशक_नाना (जळगाव)
नाही साक्रीकर. ते बहुतेक मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण असेल, २०२४ ला सुरू झालेलं. बारावीला ६०००, आयटीआय-डिप्लोमाला ८०००, पदवीधराला १००००, आधी सहा महिने होतं मग अकरा महिने केलं. ती राज्याची वेगळी योजना आहे, १९६१ च्या कायद्याची शिकाऊ उमेदवारी नव्हे. तिथल्या प्रमाणपत्राला एनएसी म्हणत नाहीत. दोन्हीची गल्लत सगळीकडे चाललीय आणि पोरं फॉर्म भरताना चुकीचा रकाना भरतात, मग कागदपत्र पडताळणीला बाहेर निघतात. कृपया सगळ्यांना सांगा.
एनएसी म्हणजे नॅशनल अप्रेंटिसशिप सर्टिफिकेट. आयटीआयचं ते एनटीसी, ते वेगळं. डेझिग्नेटेड ट्रेड, म्हणजे आपले फिटर, टर्नर, इलेक्ट्रिशियन, वेल्डर वगैरे, यात मुदत पूर्ण केली, हजेरी भरली की अखिल भारतीय ट्रेड टेस्ट होते, तीत पास झालं की एनएसी. २०१४ पासून ऑप्शनल ट्रेड म्हणून दुसरा प्रकार आलाय, त्यात अभ्यासक्रम आणि मूल्यमापन उद्योगाकडे किंवा सेक्टर स्किल कौन्सिलकडे असतं. करार करताना आपला ट्रेड यातल्या कोणत्या खान्यात टाकलाय ते नीट वाचा. फिटर शिकलेल्या पोराला एखाद्या "असेंब्ली ऑपरेटर" छापाच्या ऑप्शनल ट्रेडमध्ये नोंदवलेलं मी पाहिलंय, नंतर रेल्वेच्या फॉर्मला अडचण येते.

शिरपूरकरीण
माझा चांगला अनुभव लिहिते म्हणजे पोरांना कळेल काय मागायचं. मी इलेक्ट्रिशियन ट्रेडची, एका मोठ्या कारखान्यात मेंटेनन्सला अप्रेंटिस होते. सुरुवातीला मला स्टोअरला बसवलं, रजिस्टर लिहायला, कारण मुलगी. मी डीजीटीच्या साईटवरून आमच्या ट्रेडचा अप्रेंटिसशिपचा अभ्यासक्रम डाउनलोड केला, प्रिंट काढली आणि इंजिनियर सरांसमोर ठेवली की सर यात स्टार-डेल्टा स्टार्टर आहे, पॅनल वायरिंग आहे, मोटरचं मेगर टेस्टिंग आहे, हे मला परीक्षेत येणार, रजिस्टर लिहिणं येणार नाही. सर चांगले होते, दुसऱ्या दिवसापासून पॅनलवर घेतलं. रोजची डायरी ठेवली, काय काम केलं, कोणत्या मशीनवर, आणि आठवड्याला सुपरवायझरची सही. मालकानं प्रत्येक शिकाऊच्या प्रगतीचं रेकॉर्ड ठेवायचं असतंच, पण आपली पण एक वही असावी, त्याचे फोटो मोबाईलमध्ये असावेत. एनएसी हातात आहे.
आणि पैशाचं, सरकारचा हिस्सा थेट आधार लिंक खात्यात येतो, २५ टक्के, जास्तीत जास्त १५००. तो मेसेज येत असेल तर समजा कॉन्ट्रॅक्ट जिवंत आहे. तसं नॅप्समध्ये (केंद्राची शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना) २०२३ पासून सुरू झालं, आधी मालकाला परत मिळायचं.

तापीकाठ (यावल)
ताई फार उपयोगी. पोर्टल बघितलं, नाना म्हणतात तसंच, प्रोफाइल आहे पण कॉन्ट्रॅक्ट शून्य. बहिणीला सांगताना जीवावर आलं. पोरगं दोन दिवस जेवलं नाही नीट.
स्टायपेंड किती मिळायला पाहिजे होता तेही सांगा, त्याला पाच हजार मिळायचे.

निदेशक_नाना (जळगाव)
२०१९ च्या नियमाप्रमाणे किमान आकडे असे, पाचवी ते नववी ५०००, दहावी ६०००, बारावी ७०००, आयटीआयवाला ७०००, डिप्लोमा ८०००, पदवी ९०००. २०२५ च्या मे महिन्यात केंद्रीय अप्रेंटिसशिप कौन्सिलनं ३६ टक्के वाढीची शिफारस केली, म्हणजे ६८०० ते १२३००. म्हणजे आयटीआय पास पोराला पाच हजार देणं हे जुन्या हिशोबानंही कमीच.
पण भाऊ इथं एक गोष्ट लक्षात घ्या. कायद्याचं कलम १८ म्हणतं शिकाऊ हा कामगार नाही, म्हणून त्याला कामगार कायदे लागत नाहीत. ही सवलत कुणाला, तर कायद्याखालच्या शिकाऊला. तुमच्या भाच्याची नोंदच नाही. मग तो कारखान्यात वर्षभर कामच करत होता, तर कामगार म्हणून किमान वेतनाचा फरक आणि पीएफ मागायचा दावा करता येतो. म्हणून दोन अर्ज करा. एक बीटीआरआयला सल्लागाराच्या नावानं, की अप्रेंटिस म्हणून सांगून घेतलं, करार केला नाही, ट्रेडबाहेरचं काम दिलं. दुसरा सहायक कामगार आयुक्त कार्यालयाला. दोन्हीची पोच घ्या, शिक्का आणि आवक नंबर असलेली.
करार झालेल्यांसाठी पण सांगून ठेवतो, करारावरून वाद झाला तर कलम २० प्रमाणे सल्लागार निर्णय देतो आणि तो पटला नाही तर ३० दिवसांच्या आत कौन्सिलकडे अपील. ३१ व्या दिवशी गेलात तर ऐकत नाहीत.

जुना_फिटर (भुसावळ)
तापीकाठ, पुरावे गोळा करायला सांगा त्याला. गेटपासचा फोटो, हजेरीचं कार्ड, सुपरवायझरचे व्हॉट्सॲप मेसेज "उद्या नाईटला ये" वगैरे, बरोबरच्या पोरांची नावं. ते लेटर पण फेकू नका, तो त्यांच्याच हातचा कागद आहे.
आणि पोराला म्हणावं मन खचू देऊ नको. वर्ष वाया गेलं असं मी म्हणणार नाही कारण वय आहे अजून. नवीन कॉन्ट्रॅक्ट नव्या ठिकाणी करता येईल, त्याची अप्रेंटिसशिप झालेलीच नाही ना कागदोपत्री, मग आडवं काय येणार. मध्य रेल्वेची जाहिरात निघते तेव्हा भुसावळ क्लस्टरमध्ये भुसावळचं लोको शेड, कॅरेज-वॅगन डेपो, इलेक्ट्रिक लोको वर्कशॉप, मनमाडचं वर्कशॉप, नाशिकरोडचं टीएमडब्ल्यू असं सगळं असतं. निवड दहावी आणि आयटीआयच्या मार्कांवर, लेखी परीक्षा नाही. ऑर्डनन्सची पण बघा, भुसावळ आणि वरणगाव, आता त्या दोन वेगळ्या कंपन्यांखाली गेल्या आहेत २०२१ पासून, जाहिराती वेगवेगळ्या येतात. एसटीची विभागीय कार्यशाळा आहे जळगाव, धुळ्याला. महावितरण, दीपनगरचं वीज केंद्र पण बघा.

वाघूर९
पण काका रेल्वेत अप्रेंटिस करून तरी नोकरी कुठे लागते? २०१८ ला पोरं दादर-माटुंग्याला रुळावर उतरली होती ते विसरलो नाही आपण.

जुना_फिटर (भुसावळ)
विसरलो नाही. त्यात आपल्याकडची पण पोरं होती. कायद्यानं मालकावर नोकरी द्यायचं बंधन नाही, हे कलम २२ आहे, फक्त २०१४ नंतर प्रत्येक मालकानं अप्रेंटिसना घेण्याबद्दल आपलं धोरण ठरवायचं असं आलं. रेल्वेत लेव्हल वनच्या (सगळ्यात खालच्या श्रेणीच्या) भरतीत २० टक्के जागा शिकून झालेल्या ॲक्ट अप्रेंटिसना आहेत, पण त्यासाठी एनएसी लागते, आणि म्हणूनच मी या सर्टिफिकेटवर एवढा भर देतोय. सुप्रीम कोर्टानं १९९५ ला यूपीच्या एसटीच्या केसमध्ये म्हटलंय की बाकी सगळं सारखं असेल तर शिकलेल्या अप्रेंटिसला थेट आलेल्यापेक्षा पसंती द्यावी. हक्क नाही, पसंती. पण तेवढी पसंती मिळवायला सुद्धा तो कागद लागतो.
माझी मागणी एवढीच आहे, बीटीआरआयला माणसं द्या आणि प्रत्येक एमआयडीसीत वर्षातून एकदा तरी न सांगता तपासणी करा आणि कोणत्या कारखान्यात किती नोंदलेले अप्रेंटिस आहेत त्याची यादी आयटीआयच्या फलकावर लावा. पोरगं पास होऊन बाहेर पडतानाच त्याला दिसलं पाहिजे की कुठे गेलं तर शिकायला मिळेल.

एमआयडीसी_एचआर
यादीच्या मागणीला माझा पाठिंबा. जे नीट करतात त्यांचा पण फायदा आहे त्यात, चांगली पोरं त्यांच्याकडे येतील.

सातपुडा_धडगाव
आमच्याकडची पोरं अंकलेश्वर, सुरतला जातात, तिकडे पण हेच चाललंय, फक्त तिथे केमिकल आहे म्हणून जास्त भीती वाटते. एकाच्या हातावर ॲसिड उडालं, कंपनी म्हणे तू आमचा कामगार नाही. तक्रार नंदुरबारला करायची का गुजरातला?

निदेशक_नाना (जळगाव)
कारखाना ज्या राज्यात त्या राज्याचा सल्लागार, म्हणजे गुजरातला. कंपनी चार किंवा जास्त राज्यांत असेल तर केंद्राचं कार्यालय. नंदुरबारच्या बीटीआरआयमधून पत्ता आणि अर्जाचा नमुना मात्र मागून घ्या, देतात.
आणि कंपनीचं ते उत्तर खोटं आहे. नोंदलेला शिकाऊ असला तरी कामावर इजा झाली तर भरपाई मालकालाच द्यावी लागते, आणि कारखान्यात सुरक्षेचे नियम त्याला कामगारासारखेच लागू आहेत. धोकादायक उद्योगात १८ वर्षांच्या आतल्याला घेताच येत नाही. त्या पोराचं वय काय होतं, दवाखान्याचे कागद आहेत का?

सातपुडा_धडगाव
साडेसतरा. कागद आहेत, सिव्हिलचे.

निदेशक_नाना (जळगाव)
मग उशीर करू नका. जन्माचा दाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला आणि सिव्हिलचे कागद यांची झेरॉक्स काढून ठेवा, मूळ कागद कुणाच्या हातात देऊ नका. मला व्यनि (खासगी निरोप) करा, अर्ज मी लिहून देतो.

तापीकाठ (यावल)
नाना, दोन्ही अर्ज दिले, पोच घेतली. बीटीआरआयच्या साहेबांनी नीट ऐकून घेतलं, कारखान्याला पत्र काढतो म्हणाले. काय होईल ते इथेच लिहीन. भाच्यानं शेजारच्या पोरांची पण पोर्टलवर लॉगिन करून बघितली, चौघांपैकी एकाचंच कॉन्ट्रॅक्ट निघालं. बाकीचे तिघे अजून कामावरच आहेत, त्यांनी आता लगेच करार मागायचा की आधी महिना भरू द्यायचा?

शिरपूरकरीण
लगेच मागायचा. मागची तारीख टाकून नोंद करून देतो असं कोणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका, आणि मागणी ईमेलवर करा म्हणजे तारीख राहते.